आजीची ९८ वर्षं

माझी आजी, म्हणजे माझ्या वडिलांची आई, १८९७ साली जन्मली आणि १९९५ साली गेली. या दोन आकड्यांच्या मधे काय काय बसतं बघा. तिचा जन्म झाला तेव्हा व्हिक्टोरिया राणी गादीवर होती. ती गेली तेव्हा आपल्या देशात पहिला मोबाइल फोन वाजून काही महिने झाले होते.

भावंडं बरेच दिवस मागं लागली होती, "ताई, आजीबद्दल लिही." तिच्या हातच्या थालीपिठाबद्दल आणि तिच्या तिखट जिभेबद्दल लिहायला ती सगळी समर्थ आहेत. मी पडले इतिहासाची बाई. तीस-एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत सनावळ्या घोकून घेतल्या. त्यामुळे माझ्या हातून आजीही सनावळीतूनच येणार. वाचकांनी गोड मानून घ्यावं.

आजीला स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती. "मी प्लेगातली," एवढंच सांगायची. तिच्या थोरल्या भावानं पंचांगाच्या कडेला शके १८१९ असं टिपून ठेवलं होतं, म्हणून साल तरी कळलं. मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. तिथून तो पुण्यात शिरला आणि १८९७ मध्ये आमच्या सातारा जिल्ह्यात पसरला. घरात उंदीर मरून पडला की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. अशाच एका झोपडीत, दिवाळीच्या थोडं आधी, आजी जन्मली.

त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री पुण्यात चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. ते मी वर्गात दरवर्षी शिकवत असे. पण त्या वर्षातली दुसरी एक तारीख मला जास्त जवळची वाटते. १० मार्च १८९७ ला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता प्लेगनंच सावित्रीबाई फुले गेल्या. सावित्रीबाई मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. त्यांनी आणि जोतीरावांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. म्हणजे आजी जन्मली तेव्हा त्या शाळेला एकोणपन्नास वर्षं होऊन गेली होती.

आणि आजी शाळेत गेली नाही. भाऊ गेले, ती नाही. "मुलीच्या जातीला काय करायचंय शिकून," हे वाक्य तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. १९०८ च्या वैशाखात, अकराव्या वर्षी, तिचं लग्न झालं आणि ती कऱ्हाडच्या बाजूला सासरी आली. लग्नानंतर दोन महिन्यांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं गेलं. आजीला त्यातलं एवढंच आठवे की त्या सुमाराला सासऱ्यांनी घरात विलायती साखर बंद केली आणि चहात गूळ आला. गुळाचा चहा फाटायचा आणि बोलणी सुनेला बसायची. टिळकयुगाची माझ्या आजीच्या वाट्याला आलेली ही बाजू!

मुलींच्या लग्नाचं वय निदान चौदा हवं, असं सांगणारा सारडा कायदा १९२९ साली झाला. म्हणजे आजीच्या लग्नानंतर एकवीस वर्षांनी.

आजीला दोन मुलं झाली. थोरली मुलगी आणि धाकटे माझे वडील. माझी ही आत्या १९१५ साली देवीच्या साथीत गेली, दीड वर्षाची असताना. आता ही नोंद बघा. देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, जून १८०२ मध्ये, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. मुंबईपासून आमच्या गावापर्यंतचं अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. ते अंतर कापून ती लस माझ्या आत्याच्या दंडापर्यंत यायला एकशे तेरा वर्षं पुरली नाहीत. टोचणारा माणूस गावात येऊन गेला होता म्हणे, पण घरच्यांनी दार लावून घेतलं. तेव्हा दोष नुसता सरकारचाही म्हणता येत नाही.

मग १९१८ साल आलं. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपातलं युद्ध आपल्याकडे लांबचं वाटतं, पण आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा उतरला. पहिली लाट त्या मानानं सौम्य होती. दुसरी आली ती पावसाळ्याच्या अखेरीस, आणि ती माणसं घेऊन गेली. खेडोपाडी या तापाला 'मानमोडी' म्हणत. हिंदुस्थानात त्या साथीत एक कोटीहून कितीतरी जास्त माणसं मेली. १९११ ते १९२१ या एका दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, असं पुन्हा कधी झालेलं नाही. पाठ्यपुस्तकात मात्र या साथीला मी शिकवत होते तोवर एक ओळसुद्धा नव्हती.

आमच्या घरातून आजोबा गेले. दसऱ्याच्या सुमाराला, तीन दिवसांच्या तापात. आजोबा सव्वीस वर्षांचे, आजी एकवीस वर्षांची आणि माझे वडील दोन वर्षांचे. बाराव्याच्या आत आजीचे केस गेले. त्यानंतर लाल आलवण ती अखेरपर्यंत नेसली.

पुन्हा सनावळी. विधवांच्या पुनर्विवाहाला परवानगी देणारा कायदा १८५६ चा. मुंबईत नाभिक मंडळींनी सभा भरवून 'आम्ही विधवांचं वपन करणार नाही' असं ठरवलं ते १८९० साली. धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात एका विधवेशी पुनर्विवाह केला तो १८९३ साली, आणि तीनच वर्षांनी अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं. हे सगळं आजीच्या जन्माच्या आधीचं! आमच्या घरापासून पुणं किती, तर दीडशे-एकशे साठ किलोमीटर. मिरजेकडे जाणारी रेल्वेही आजीच्या जन्माआधीची. आगगाडीनं एका दिवसाची वाट, पण त्या गाडीतून आमच्या घरापर्यंत यातलं काहीच उतरलं नाही.

हे सगळे आकडे एका वहीत समोरासमोर मांडले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आजीच्या आयुष्यात संकटं सगळी वेळेवर आली. मुंबईचा प्लेग वर्षाच्या आत आला. मानमोडी काही आठवड्यांत आली. महायुद्धाची महागाई तर लगेचच आली. संकटाला आमच्या घराचा पत्ता पाठ होता. सुधारणा मात्र रस्ता विचारत विचारत यायची, आणि बरेचदा वेशीवरूनच परत जायची. आपण शिकवतो तेव्हा फळ्यावर १८४८ लिहितो, १८५६ लिहितो, आणि मुलांना वाटतं की त्या दिवसापासून सगळीकडे उजाडलं. तसं नसतं हो.

या उशिराची किंमत काय पडते, त्याची एक गोष्ट सांगते. १९२३ साली घरातल्याच एका वडीलधाऱ्या माणसानं कर्जाचा कागद केला. वडील अज्ञान, म्हणून पालक या नात्यानं आजीचा अंगठा हवा होता. तिला वाचून दाखवलं एक आणि कागदात लिहिलं होतं दुसरं. विहिरीखालची दोन एकर जमीन त्या अंगठ्यात गेली. आजी रडली नाही म्हणे. पण उजव्या हाताचा अंगठा पुढं करून "ह्यानं घात केला" असं ती म्हणायची, ते आम्ही सगळ्या नातवंडांनी ऐकलेलं आहे.

पुढची वीस-पंचवीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या घरचं सोवळ्यातलं रांधून आणि पापड-लोणची करून मुलाला वाढवलं. वडील मॅट्रिक झाले. बेचाळीसच्या चळवळीनंतर आमच्या भागात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. १९४३ ते ४६ ही वर्षं तिला चांगली आठवत. रात्री दाराची कडी वाजे, आजी टोपलीतल्या भाकऱ्या आणि चटणी खिडकीतून बाहेर देई, आणि कोण आलं होतं ते कधी विचारत नसे. "नाव कळलं की खोटं बोलावं लागतं," म्हणायची.

मग ३० जानेवारी १९४८. गांधीजींचा खून झाला आणि खुनी ब्राह्मण आहे हे कळल्यावर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. हेही संकट वेळेवर आलं. दिल्लीची बातमी आणि आमच्या घराची आग यात पुरते तीन दिवसही गेले नाहीत. आजी घरात एकटी होती. शेजारच्या कुंभाराच्या कारभारणीनं तिला परड्यातून ओढून नेलं आणि भट्टीमागच्या खोलीत दोन दिवस लपवलं. जन्मभर कडक सोवळं पाळलेली आजी त्या घरचं पाणी प्यायली आणि भाकरीही जेवली. यावर ती फारसं बोलत नसे. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "भाकरीला काय जात लागलीय? पन्नास वर्षं मलाच कळलं नव्हतं."

ही पन्नास वर्षं लिहिताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. ज्या आजीच्या दारी सगळं उशिरा आलं, त्याच आजीनं दुसऱ्यांना आपल्या अंगणाबाहेर उभं केलेलं होतं. महारवाड्यातून आलेलं नाणंसुद्धा ती पाणी शिंपडून घेई. डॉक्टर आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं ते ७ नोव्हेंबर १९०० रोजी. तेव्हा आजी तीन वर्षांची होती. म्हणजे दोघांचं बालपण एकाच जिल्ह्यातलं. शाळेत बाबासाहेबांना वेगळं बसावं लागलं आणि आजीला शाळाच मिळाली नाही. पण ही दोन दुःखं एकाच मुळाची आहेत, हे आमच्या घरात कुणी तिला सांगितलं नाही.

घर जळल्यावर वडिलांनी मुंबईला नोकरी धरली. आजी मात्र गाव सोडायला तयार होईना. जळक्या घराची मागची पडवी शाकारून ती तिथंच राहिली. आई आणि आम्ही भावंडंही तिच्याजवळच वाढलो.

आजीच्या आयुष्यात एकच मोठी सुधारणा वेळेवर आली. ती म्हणजे मत. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला मताचा हक्क मिळाला, बायांनाही आणि निरक्षरांनाही. स्वित्झर्लंडसारख्या देशात बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळायला १९७१ साल उजाडावं लागलं! त्या वेळी याद्या करणाऱ्यांना एक अडचण आली. देशभरात लाखो बायका स्वतःचं नाव सांगेनात. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच सांगत. अशी सुमारे २८ लाख नावं यादीतून गाळावी लागली, त्यातली बहुतेक उत्तरेकडची. आमच्या आजीनं नाव सांगितलं. सासरचं की माहेरचं, याचा मात्र तिनं दोन मिनिटं विचार केला म्हणे. चौपन्नाव्या वर्षी तिचं नाव पहिल्यांदा कुठं तरी छापलं गेलं, आणि ते तिला वाचता येत नव्हतं.

ते वाचता येऊ लागलं १९५९ नंतर. त्या वर्षी आमच्या सातारा जिल्ह्यात 'ग्राम शिक्षण मोहीम' सुरू झाली. गावातल्या प्रौढांना गावातल्याच शिक्षकांनी आणि शिकलेल्या मुलांनी लिहायला-वाचायला शिकवायचं, आणि सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी योजना. पुढं ती राज्यभर नेली. गुरुजी घरोघर फिरत होते. आजीचं वय तेव्हा बासष्ट. नियमाप्रमाणे तिला सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. पण तिनंच विचारलं, "म्हातारीला घेता का?"

शिकवायला आली ती कुंभाराच्या घरची नात, सातवीतली. मी तेव्हा तिसरीत होते आणि मलाच शिकवायचं होतं, पण आजी म्हणाली, "घरच्या माणसाकडनं विद्या येत नाही." रोज दिवेलागणीनंतर पडवीत कंदील ठेवून दोघी बसत. मुलीनं आजीचा हात धरून पाटीवर ग गिरवून घेतला. सोवळ्यातली आजी आणि मातीनं भरलेले ते कोवळे हात. माझ्या आईनं नुसतं बघितलं आणि काही बोलली नाही.

आजीची वाचायची रीत मजेची होती. 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' तिला ऐकून ऐकून पाठ होते. अक्षरओळख झाल्यावर तिनं पोथी उघडली आणि तोंडातल्या ओवीवर बोट ठेवून अक्षरं जुळवत गेली. एका ठिकाणी पोथीतला शब्द आणि तिचा शब्द वेगळा निघाला. पन्नास वर्षं ती तो चुकीचा म्हणत आलेली. तिनं क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "छापणाऱ्याची चूक आहे."

वडील दर महिन्याला मनीऑर्डर पाठवत. पोस्टमन यायचा, शाईचा डबा उघडायचा, आजी अंगठा द्यायची. फॉर्मच्या कुपनावर वडील दोन ओळी लिहीत, त्या पोस्टमनच वाचून दाखवी, म्हणजे सगळ्या आळीसमोर. १९६० च्या संक्रांतीच्या सुमाराला आजीनं शाईचा डबा बाजूला सारला आणि टाक मागितला. सही करायला तिला बराच वेळ लागला आणि पोस्टमन तेवढा वेळ उभा राहिला. त्या सहीची पोचपावती मुंबईला वडिलांच्या हाती पडली. एरवी तिथं अंगठा असे. वडील कमी बोलणारे. त्यांनी ती पावती पाकिटात ठेवली, आणि ते गेले तेव्हा ती त्यांच्या कपाटात सापडली. आमच्या धाकट्या भावाकडे ती अजून आहे.

आणि आजीनं काय केलं, तर १९४८ पासूनची सगळी कुपनं ट्रंकेतून काढली. अकरा-बारा वर्षांची कुपनं तिनं दोऱ्यात ओवून ठेवली होती. ती एकेक करून स्वतः वाचली. चार-पाच दिवस तेच चाललं होतं. एका कुपनावर वडिलांनी लिहिलं होतं, 'आई, थंडी फार आहे, दुलई घे, पैसे जास्त पाठवले आहेत.' ते कुपन पाच वर्षांपूर्वीचं. "मेल्यानं हे वाचलंच नव्हतं," असं म्हणून आजी पोस्टमनला बोल लावत राहिली. त्यानं वाचलं नव्हतं की हिच्या लक्षात राहिलं नव्हतं, कोण जाणे. दुलई मात्र घेतली गेली नव्हती, हे खरं.

असो. पुढंही बरंच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सत्तर वर्षांची आजी सगळ्यांच्या आधी अंगणात होती. १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या आणि तळ्याच्या कामांवर माणसं लागली, रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी आली. ती भाकरी कुणाला आवडत नव्हती, पण आजी म्हणायची, "गावात भुकेनं कुणी मेलं नाही ना? मग नावं ठेवू नका." लहानपणी तिनं थोरल्यांकडून १८९९-१९०० च्या दुष्काळाची वर्णनं ऐकली होती. मदतीलाही आता आमच्या गावचा रस्ता सापडू लागला होता, हे तिला माझ्या आधी कळलं. त्याच वर्षी मी बी. ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मुलगी. सावित्रीबाईंच्या शाळेपासून मोजलं तर एकशे चोवीस वर्षं.

१९९५ च्या सप्टेंबरात देशभर गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या. कुणी तरी आजीलाही सांगायला आलं. ती म्हणाली, "पिऊ दे, पण माझ्या चहापुरतं ठेवा." त्याच वर्षी डिसेंबरात ती झोपेत गेली.

तुमच्या घरात कुणी नव्वदीतलं असेल, तर त्यांना 'तुम्ही स्वातंत्र्य कसं पाहिलं' असं विचारू नका. उत्तर येत नाही, मी विचारून पाहिलं आहे. गावात नळ कधी आला, पहिली सही कधी केली, लस कुणी टोचली, शाळेत कोण गेलं आणि कोण घरी राहिलं, ते विचारा आणि साल लिहून ठेवा. मग ते साल पुस्तकातल्या सालाशेजारी मांडा आणि वजाबाकी करा. चुलत भावंडांपैकी कुणाकडे आजीची आणखी कुपनं असतील तर कळवा. माझ्याकडे १९५१ आणि १९५६ ची मिळून सहा कमी आहेत.